पेंटरभाऊंचं शून्य

टीव्हीवर प्रश्नमंजूषा लागली की आमचे पेंटरभाऊ एक डोळा मिटायचे, हात लांब करायचे आणि अंगठ्याने पडद्यावरचा आकडा मापायचे. सारी गल्ली उत्तरं देण्यात गुंग, आणि हे म्हणायचे, "उत्तर जाऊ द्या गुरुजी, तो आठ पाहा. पोट सुटल्यावानी बसून राहिला."

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भंडाऱ्यात आमच्या गल्लीतला पहिला टीव्ही माझ्याकडे होता आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटरभाऊ माझे शेजारी. तुम्ही-आम्ही टीव्हीवर माणसं पाहतो, हे संघांची नावं आणि गुण पाहायचे. शेवटी पडद्यावर नावं खालून वर सरकू लागली की कोणाला उठूसुद्धा द्यायचे नाहीत.

आमच्या शाळेनं तशीच स्पर्धा ठरवली, तेव्हा गुणफलक अर्थातच त्यांच्याकडे गेला. काळ्या फळीवर गावोगावच्या शाळांच्या संघांची नावं, नावांखाली खिळे, खिळ्यांना अडकवायला प्लायवुडचे पांढरे आकडे. स्पर्धेच्या सकाळीही ते शून्यच रंगवत होते. म्हणाले, जरा हात हलला की शून्याचा भोपळा होते.

आसगावच्या मुलींनी माईक पहिल्यांदाच पाहिला होता. त्यांना काही केल्या उत्तर येईना. बाकीचे संघ वीस-तीसवर गेले. सूत्रसंचालक सरांनी सांगितलं, आसगावखाली शून्य लावा. मुलींनी माना खाली घातल्या. तेवढ्यात फळीमागून पेंटरभाऊंचं डोकं बाहेर आलं.

"शून्य संपले सर. सारे जिंकणाऱ्याइनं नेले."

सभागृह हसलं. मुलीही हसल्या. मी फळीमागेच होतो. एक शून्य शिल्लक होतं आणि पेंटरभाऊ त्यावर बसले होते. मी खुणावलं, तर हळूच म्हणाले, "राहू द्या ना गुरुजी. गावाचं नाव एवढं चांगलं लिहिलं, त्याच्याखाली हे कायले लावू?"

शेवटच्या फेरीत आसगावला एक उत्तर आलं. दहा गुण. आता शून्याशिवाय इलाज नव्हता. पेंटरभाऊ उठले, तर रंग ओला असल्यामुळे शून्यही पँटीला चिकटून सोबतच उठलं. त्यांनी ते ओढून काढलं, एकच्या आकड्याशेजारी अडकवलं, लोकांना नमस्कार केला आणि वळले. तेव्हा जो हशा उठला, तो त्यांना टाळ्यांचाच भाग वाटला.

आसगाव शेवटचंच आलं. तरी मुली हसत-बोलत एसटीत चढल्या.

पुढे पेंटरभाऊ मुलीकडे नागपूरला राहायला गेले आणि तिकडेच वारले. मला मात्र ते त्या संध्याकाळचेच दिसतात. सायकल हातात धरून भर बाजारातून ताठ मानेनं चाललेत, काळ्या पँटीवर मागे गोल गरगरीत पांढरं शून्य, आणि त्यांना ते सांगावं असं आम्हा कोणालाच वाटत नाही.