अप्पांची काडतुसे

“कशावरून?”

समोरच्याने काहीही सांगितले, की आमचे शेजारी अप्पा डावा डोळा बारीक करीत, मान किंचित मागे घेत आणि हा एवढाच शब्द टाकीत. उद्या नळाला पाणी येणार आहे, असे सांगा. “कशावरून?” नांदेडची गाडी वेळेवर सुटली, असे सांगा. “कशावरून?” भोकरला दिलेल्या त्यांच्या लेकीला मुलगा झाल्याचा फोन योगायोगाने माझ्याकडे आला, तेव्हा मी धावत जाऊन ती बातमी दिली. अप्पांचा चेहरा क्षणभर फुलला आणि लगेच डावा डोळा बारीक झाला.

लातुरात अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. मार्केट यार्डातल्या भुसार अडतीत ज्याचे आयुष्य गेले, तो माणूस पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळचा दाणा वर काढल्याशिवाय वरच्या दाण्यावर विश्वास ठेवत नाही. मी स्वतः न्यायालयाच्या कचेरीतून निवृत्त झालेलो. संशयाला आमच्याकडेही मान आहे; फक्त आम्ही त्याला लेखी स्वरूप देतो. ज्या गावात नियम हा भिंतीवर रंगवण्यापुरताच उरतो, तेथे कोणीतरी संतापून अर्ज करीत राहिले पाहिजे, असे माझे मत आहे, आणि ते मी आजतागायत बदललेले नाही.

आमच्या दोघांच्या गच्च्या लागून होत्या. एका सकाळी मी कुंड्यांना पाणी घालण्यास वर गेलो असता पलीकडे आक्कांनी, म्हणजे अप्पांच्या पत्नीने, सांडगे वाळत घातलेले दिसले. त्यांच्या शेजारी एक सूप होते आणि त्या सुपात पितळ चकाकत होते. अप्पा उकिडवे बसून ते पितळ बोटांनी पसरीत होते.

“अप्पा, हे काय आहे?”

“सांडगे.”

“त्याच्या शेजारी?”

“पुंगळ्या. धुऊन वाळू घालायलो.”

“कशाच्या पुंगळ्या?”

“बंदुकीच्या. दुसऱ्या कशाच्या राहतेत असल्या?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भरवस्तीत, लहान मुले खेळतात अशा गच्चीवर, सांडग्यांच्या शेजारी रिकामी काडतुसे! भिंतीपलीकडून रोज दुपारी ऐकू येणारा दबका ठोक कशाचा होता, हेही त्याच क्षणी माझ्या ध्यानात आले. त्याच दिवशी मी पोलीस ठाण्यात अर्ज दिला आणि त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयास पाठवली. तो अर्ज देणे हे माझे कर्तव्य होते. त्याबद्दल मला खंत नाही.

पोलीस आले. अप्पांचा रायफलचा परवाना निघाला. नेमबाजीच्या सरावासाठी स्वतःपुरती काडतुसे भरण्याची लेखी परवानगीही निघाली. बंदुकीच्या दारूसाठी कुलूपबंद पेटी होती, ती वेगळ्या खोलीत होती. सगळे रीतसर होते. पोलीस गेल्यावर अप्पांनी मला दारातून हाक मारली.

“या कलमसाहेब, चहा घ्या. अर्ज तुमचाच न्हवं?”

“कशावरून?” मी त्यांचाच शब्द त्यांना परत केला.

“‘उपरोक्त इसम’ म्हणून ह्या गल्लीत दुसरं कोण लिव्हतंय?”

“माझाच आहे. वेळ आली तर पुन्हा लिहीन.”

“लिव्हा की. कुणीतरी बघायलंय म्हटल्यावर आमचं बी मन निवांत राहतंय.”

त्या चहापासून मी त्यांच्याकडे जाऊ लागलो. मैत्री म्हणून नव्हे, पाळत म्हणून. हे मी त्यांना सांगितलेही होते.

दुकान मुलाच्या स्वाधीन केल्यावर अप्पांना रिकामपण सोसेना, तेव्हा कोणा परिचिताने त्यांना चाकूरच्या रस्त्यावरील नेमबाजीच्या मैदानावर नेले. तेथे त्यांना निशाण्याचे वेड लागले. परंतु वेड लागले तरी स्वभाव सुटत नाही. त्यांनी विकतची काडतुसे घरी आणून एकेक तोलून पाहिली आणि निकाल दिला, “एकाचं माप दुसऱ्याला लागत न्हाई. लोकाच्या मापावर मी नेम धरू का?” म्हणून, वयाची साठी ओलांडलेल्या या माणसाने स्वतः काडतूस भरण्याचे शिक्षण घेण्यास प्रारंभ केला.

नवशिक्याच्या साऱ्या फजित्या त्यांच्या वाट्याला आल्या. वापरलेली पुंगळी साच्यात दाबून पुन्हा आकारात आणावी लागते आणि त्यासाठी तिला एक खास वंगण लावतात. अप्पांना त्या डबीतल्या वंगणाचा संशय आला. त्यांनी आक्कांच्या फडताळातून करडईचे तेल आणून लावले. पुंगळी साच्यात अशी रुतली, की ती काढण्यासाठी लोहाराकडे जाण्याची पाळी आली. अप्पांनी दोष साच्याला दिला. पुढे काही पुंगळ्यांच्या माना चेपल्या, दोष पितळाला. पण चिकाटी दांडगी. पहिले काडतूस नीट भरून झाले, तेव्हा धान्य मोजणारे पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता म्हणतात तसे ते मोठ्याने “लाभ!” म्हणाले आणि ते काडतूस त्यांनी कपाळाला लावले.

मैदानावरच्या मंडळींनी त्यांना दारू तोलण्यासाठी आकडे दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घेण्यास लावले होते. तो खोक्यातच राहिला. “आकड्याचा काटा कसा फिरवतेत, ते मी यार्डात बघितलंय,” अप्पा म्हणत. “दांडी खोटं बोलत न्हाई.” त्यांनी सोनाराच्या तराजूसारखा एक नाजूक दांडीचा तराजू मागवला होता. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात दारू. दारूचे वजन ठरवण्याच्या पुस्तकात खालची आणि वरची अशा दोन मर्यादा दिलेल्या असतात. अप्पा कित्येक महिने खालच्या मर्यादेजवळ राहिले; मग धीर वाढला, तसे हळूहळू वरच्या मर्यादेला भिडले. वरच्या मर्यादेपलीकडे जाऊ नये, हे मला, कायद्याच्या माणसाला, फार चांगले कळत होते. ते त्यांनाही कळत होते. ते मर्यादेपलीकडे जात नव्हते, असे आम्ही दोघेही मानून चाललो होतो.

एके दिवशी ते म्हणाले, “उद्या मैदानावर चला. पंच म्हणून. माझा नेम बसला तर लोकं म्हणतील, अप्पा फेका मारायलाय. तुम्ही सांगितलं तर कुणी तोंड उघडत न्हाई.”

उन्हाळा होता. अप्पा चटईवर पालथे झाले, त्यांनी पहिली गोळी झाडली आणि नेम बरा बसला. दुसऱ्या गोळीचा आवाज मला वेगळा वाटला. कानावरच्या झाकणातूनही तो तिखट लागला. अप्पा रायफलचा खटका, म्हणजे रिकामी पुंगळी बाहेर काढणारा मागचा दांडा, ओढू लागले. तो हलेना. त्यांनी तळहाताने ठोकला. तेवढ्यात मैदानाचा देखरेख अधिकारी धावत आला, त्याने साऱ्या ओळीचा गोळीबार थांबवला आणि बऱ्याच खटपटीने पुंगळी बाहेर काढली. जास्त दाबाने तिच्या बुडातली टिकली चपटी झाली होती.

“अप्पा,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “दारू आणखी थोडी जास्त असती, तर खटका तुमच्या डोळ्यात असता. ही काडतुसं घरी न्या. आज बंद.”

अप्पांचा चेहरा राखेसारखा झाला. तोंड उघडले, ते संशय घेण्यासाठीच. दारूच भेसळीची आली असेल. उन्हाने चढली असेल. पुंगळ्या हलक्या असतील. आणि गाडीत बसल्यावर, समोरच्या काचेकडे पाहत ते म्हणाले, “परवा मी आंघोळीला गेलतो, तवा आमच्या पडवीत तराजूजवळ तुम्ही एकलेच बसला होता न्हवं?”

“अप्पा, हा आरोप आहे.”

“इचारलं फक्त.”

“हा आरोप आहे! आणि आरोप झाला की चौकशी होते. उद्या सकाळी तुमच्या घरी, माझ्यासमोर, उरलेले प्रत्येक काडतूस उघडले जाईल. नाहीतर मी लिहितो.”

“लिव्हा.”

“लिहितोच!”

दुसऱ्या दिवशी मी गेलो. अप्पांनी दार उघडले, पण ‘या’ म्हटले नाही. त्यांनी काडतुसे एकेक करून हातोडीसारख्या अवजारात अडकवून ठोकली, गोळ्या सोडवल्या आणि दारू वाटीत काढली. मी खोक्यातला तो आकड्याचा काटा बाहेर काढण्यास लावले. प्रत्येक काडतुसात दारू जास्त होती. सगळ्यांत जवळपास सारखीच जास्त. अप्पांनी काट्यावर संशय घेतला. मी त्यांच्याच दांडीच्या तराजूचे वजन त्या काट्यावर ठेवले. वजन बरोबर निघाले.

माझ्या कचेरीतल्या अनुभवाने मला एक गोष्ट शिकवली होती. लबाडी वेडीवाकडी असते. इतकी एकसारखी चूक करणारा बाहेरचा नसतो.

“आता एक माझ्यासमोर भरा,” मी म्हणालो.

त्यांनी चमच्याने दारू पारड्यात घातली. दांडी डुलली, संथ झाली, मधोमध थांबली. अगदी समतोल. आणि मग, नजर पुढच्या पुंगळीकडे वळलेली असताना, त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी दारूच्या वाटीत गेली, काही दाणे उचलले आणि पारड्यात सोडले. पारडे अलगद खाली झुकले. अप्पांनी ते उचलून पुंगळीत रिते केले.

“थांबा. आता काय केलेत?”

“काय केलो?”

“वरून चिमूट टाकलीत.”

“कशावरून?”

“माझ्या डोळ्यांवरून! पुन्हा भरा.”

त्यांनी पुन्हा भरली. हाताने पुन्हा तेच केले. दारात उभ्या असलेल्या आक्का तेव्हा बोलल्या.

“टाकताव की. जलमभर टाकत आलाव. मला साखर मापून देताना बी टाकताव. मामंजींनीच लावलेली सवय हाय, घेणाऱ्याकडं पारडं झुकलं पायजे म्हणून. यार्डात तुमचं नाव त्याच्यावरच झालं.”

वाचकहो, मी पुष्कळ खटल्यांचे कागद हाताळले आहेत. हेतू, ज्ञान, निष्काळजीपणा, या साऱ्यांना कायद्यात शब्द आहेत. त्या हाताला लावता येईल असा शब्द मला सापडेना. जगावर संशय घेणाऱ्या त्या माणसाने ज्याची कधी झडती घेतली नव्हती, असा तो एकच हात होता.

अप्पांनी तिसऱ्यांदा भरून पाहिली. या वेळी ते स्वतः हाताकडे पाहत होते. बोटे वाटीकडे निघाली आणि मध्येच थबकली. अप्पांनी डाव्या हाताने उजवे मनगट धरले.

“हे मला दिसलं न्हाई,” ते म्हणाले. “एकदा बी दिसलं न्हाई.”

“जाऊ द्या ते खूळ,” आक्का म्हणाल्या. “डोळा गेला असता काल. द्या ती बंदूक सरकारात.”

मी खिशातून पेन काढले होते. परवानगी रद्द व्हावी, एवढे एक वाक्य पुरेसे होते आणि ते कायद्याला धरूनच झाले असते. अप्पांनी पेनाकडे पाहिले.

“लिव्हायचं तर लिव्हा, कलमसाहेब. तुमचं बरोबर हाय. पर नेम धरताना मला जे वाटतं, ते दुसरीकडं कुठंच वाटत न्हाई. तेवढ्या वेळ मला कुणाचाच संशय येत न्हाई.” मग खाली मान घालून, “तुम्ही समोर बसाल का? मी भरताना? नुसतं हाताकडं बघत?”

काल ज्याच्यावर आरोप केला, त्यालाच ते हे विचारीत होते. मी माफी मागावयास लावली. त्यांनी मागितली. मग मी अटी घातल्या: आकड्याचा काटा, खालची मर्यादा आणि मी नसताना पेटी उघडायची नाही.

त्यानंतर दुपारी मी समोरच्या खुर्चीत बसू लागलो. आकडा भरला की मी म्हणे, “बस.” बोटे निघत, माझा आवाज ऐकून मागे फिरत. कधी अप्पा करवादत, “डुलकी लागली का तुम्हाला?” मी म्हणे, “माझ्याविरुद्ध अर्ज करा.” कधी मीच खेकसे, “हात!” आणि ते शाळकरी पोरासारखे हात मांडीखाली दाबून बसत. ती सवय शेवटपर्यंत मोडली नाही. फक्त ती एकट्याची राहिली नाही.

मैदानावर त्यांच्या गोळ्या एका आवळ्याच्या आकारात बसू लागल्या. बक्षीस कधी मिळाले नाही. पंच म्हणून मी दर वेळी हजर असे.

मागच्या हिवाळ्यात, दोन दिवसांच्या तापाचे निमित्त होऊन अप्पा गेले. त्यांच्या समाजाच्या रीतीप्रमाणे त्यांना बसते केले होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात हार, डाव्या तळव्यात जन्मभर अंगावर बाळगलेले इष्टलिंग. यार्डातले अडते, हमाल, मैदानावरची मंडळी, सारे रांगेने येत, पाया पडत आणि पुढे सरकत. माझी पाळी आली. मी पाया पडलो, आणि मग त्यांच्या उजव्या हाताकडे माझी नजर गेली. तो मांडीवर ठेवलेला होता, बोटे सैल, अंगठा एका बाजूला.

“काका, सरका की पुढं,” मागून कोणी म्हणाले. “रांग खोळंबली.”

रांगेची शिस्त मोडणाऱ्यांवर मी आयुष्यभर ओरडत आलो आहे. मी जागचा हललो नाही. हात निश्चल होता, तरी मी त्याच्यावरून नजर काढीत नव्हतो.