आफ्रिकेच्या गाडीतला पेट्रोलचा वास

आमच्या ह्यांचा हात लागला आणि इंजिन सुरू झालं नाही असं कधी झालं नाही. मी बायको, मी असंच म्हणणार, असं कुणी म्हणेल. म्हणू देत बापडे. भेस्तानच्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकून ह्यांनी गॅरेज काढलं ती सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. त्याआधी हे कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात ब्लीचिंगच्या हौदावर होते. खानदेशातून सुरतेत उतरलेल्या माणसाला पहिलं काम तसलंच मिळायचं, नाहीतर लूमवर. मोटारींचं काम हे सुट्टीच्या दिवशी एका मिस्त्रीजवळ बसून शिकले. शेड स्वतःची झाली तेव्हा मी लिंबायतच्या आमच्या गल्लीत घरोघर गूळ वाटला होता.

आणि मग ती गाडी आली. आफ्रिकेतून कायमचे परत आलेले एक गुजराती काका ती जहाजातून घेऊन आले होते. पांढरीशुभ्र, लांबलचक. काका म्हणायचे, तिकडचं घर गेलं, दुकान गेलं, ही गाडी तेवढी सोबत आली. पण तिच्यात कार्बोरेटरच नव्हता. पेट्रोल दाबाने थेट इंजिनात फवारलं जायचं. तो फवारणीचा पंप बंद पडला होता आणि त्याचे सुटे भाग इकडे देवाला नवस बोलूनही मिळाले नसते. मुंबईच्या मिस्त्र्यांनी हात टेकल्यावर काका आमच्या शेडवर आले. आपल्या देशी टॅक्सीला असतो तसा साधा कार्बोरेटर बसवून देता का, म्हणाले. हे लगेच हो म्हणून मोकळे. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, कशाला विकतचं दुखणं? काकांची ऊठबस सगळ्या कापड बाजारात. गाडी नीट चालली तर ह्यांचं नाव होणार होतं, आणि फसली तर दुसऱ्या दिवसापासून शेडवर कुत्रं फिरकलं नसतं.

महिनाभर घरात दुसरा विषय नाही. मी भाकरी थापतेय आणि हे शेजारी बसून सांगताहेत. आपल्याकडे दोन स्टोव्ह आहेत ना, म्हणायचे, एक पंपाचा, एक वातीचा. ती गाडी पंपाच्या स्टोव्हसारखी होती, तेल दाबून द्यावं लागायचं. आता मी तिला वातीचा स्टोव्ह करतोय. कार्बोरेटर लागेल तेवढंच पेट्रोल ओढून घेतो, दाबून दिलेलं त्याला सोसत नाही. मी म्हटलं, माझ्या सासूसारखं. तर हसले. लेथवाल्याकडून कार्बोरेटर बसवायला पट्टी करून आणली, फवाऱ्याची भोकं बुजवली. देशी गाड्यांचा पंप इंजिनाच्या अंगाला बसतो, तशी जागाच ह्या गाडीत नव्हती. म्हणून टाकीतून पेट्रोल पुढे ढकलणारा मूळचा विजेचा पंप, जो अजून धड होता, तो तसाच ठेवला. त्या गाडीला पेट्रोलच्या दोन नळ्या होत्या, एक जायची आणि एक उरलेलं पेट्रोल टाकीत परत आणायची. इथल्या कुठल्याच गाडीला परतीची नळी नसते, ती हिला कशाला, म्हणून ह्यांनी तिच्या तोंडात बोल्ट घालून वर क्लिप आवळून टाकली. आणि त्या हुशारीचं केवढं कौतुक स्वतःचं!

गाडी द्यायची होती रविवारी दुपारी. मी डबा घेऊन निघाले. कळण्याची भाकरी, भरीत. शेडवर पोचले तर काकांचं अख्खं घर आलेलं, काकू, सून, दोन नातवंडं. पूजा करून तिथूनच डुमसला समुद्रावर जायचा बेत होता. इंजिन चालू होतं, बॉनेट उघडं. हे नवा शर्ट घालून उभे होते आणि चेहरा असा की जणू स्वतःचंच लग्न आहे. नातवंडं आत जाऊन बसलीसुद्धा. सुनेने अगरबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला होता, सगळीकडे त्याचाच धूर. काकूंनी ताटातलं निरांजन लावलं आणि ओवाळायला इंजिनाजवळ आल्या.

तेवढ्यात मला वास आला. बाहेरून ताज्या हवेतून आलेली मी, मला अगरबत्तीच्या आडूनही लख्ख कळला. पेट्रोल. गॅरेजात असतो तसा शिळा वास नव्हे, आत्ता सांडलेल्याचा. काकूंचा हात पुढे होत होता. मी डबा खाली टाकला, पुढे झाले आणि निरांजन फुंकरीने विझवलं.

पूजेतला दिवा तोंडाने विझवला! आमच्याकडे एवढ्यासाठी बाईला माहेरी धाडतील. काकूंच्या हातात ताट तसंच राहिलं. हे माझ्या अंगावर धावूनच आले, म्हणाले, डोकं फिरलं का तुझं? मी म्हटलं, आधी पोरांना खाली उतरवा, पेट्रोल गळतंय. कुठे गळतंय, मी सकाळपासून इथेच आहे, असं म्हणून हे बॉनेटमध्ये वाकले. कार्बोरेटरपाशी नाक नेलं. नाक टेकलंच म्हणा ना. आणि वर बघून म्हणाले, काही वास नाही.

वास तर एव्हाना सगळ्यांना येत होता. सुनेने पोरांना ओढून बाहेर काढलं होतं, काकांनी नाकाला रुमाल लावला होता. ह्यांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. मग हात लांबवून इंजिन बंद केलं, कार्बोरेटरच्या खालून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. खाली तापलेला सायलेन्सरचा पाइप होता, थेंब त्याच्यावर पडून उडून जात होते, म्हणून डोळ्यालाही काही दिसलं नव्हतं.

ते बोट तसंच धरून हे म्हणाले, "माले वास येस नही. हौदावर व्हतू तवपासून."

घरातली बोली ह्यांच्या तोंडी बाहेर कधी यायची नाही, त्या दिवशी आली. आणि अहिराणी न् गुजराती तर सख्ख्या शेजारणी, काकांना अक्षर न् अक्षर कळलं असणार. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा वर्षं संसार केला मी ह्यांच्याशी. दूध करपलं तरी हे शेजारी बसून पेपर वाचायचे. आंबलेलं वरण मुकाट गिळायचे आणि मी मनात म्हणायची, काय गरीब स्वभाव आहे माणसाचा. कधी चिडून म्हणायची, तुम्हाला घरात लक्षच नाही. कामं मिळणार नाहीत म्हणून हे कुणाला बोलले नव्हते, मलासुद्धा नाही. ह्याचा मला राग आला, अजून येतो.

चूक ह्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. गाडी पळत होती तोवर इंजिन पेट्रोल पिऊन टाकत होतं, म्हणून चाचणीत काही कळलं नाही. उभ्या गाडीत पंप मात्र तसाच ढकलत राहिला, परत जायला वाट नाही, मग पेट्रोल कार्बोरेटरमधून वर आलं. ह्यांनी परतीच्या नळीचा बोल्ट काढला, येणाऱ्या नळीला फाटा जोडून उरलेलं पेट्रोल पुन्हा टाकीकडे वळवलं. तासभर गेला. मी कोपऱ्यात उभी, आपल्या हाताने ह्यांची शेड बुडवली म्हणून स्वतःला शिव्या देत. काकू जवळ आल्या. मला वाटलं आता बोलणार. तर पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "दीवो तो फरी करीशुं, बेन." दिवा काय, पुन्हा लावू.

इंजिन पुन्हा चालू केलं, दहा मिनिटं उभ्या गाडीत चालू ठेवलं. काकांनी विचारलं, आता गळत नाही हे कोण सांगणार? हे म्हणाले, ही सांगेल. मी वाकून सगळीकडे हुंगलं, नाही म्हणाले. काकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, मग हिलाच गाडीत बसवा.

अशी मी जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसून डुमसला गेले. मजा कसली डोंबलाची! सगळा रस्ता नाक ताणून बसलेली. समुद्र आला तसा त्याचा वास एवढा भरला की मला भीतीच वाटली, ह्यात पेट्रोल कळायचं कसं? सगळे पाण्याकडे गेले, मी काकांना बॉनेट उघडायला लावून त्यात डोकं घालून उभी राहिले. काही नव्हतं. येताना काका स्वतःहून म्हणाले, बाजारातल्या चार गाड्या पाठवीन, फक्त गाडी देताना तू हजर राहा. माझ्या जिवात जीव आला.

शेडवर उतरले तेव्हा उन्हं कलली होती. हे डबा न उघडता बसले होते. वास आला का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर हात धुऊन जेवायला बसले. दोन घास झाले आणि म्हणाले, "समुदरना वास कसा ऱ्हास?"

मी म्हटलं, सुकटाचा असतो तसा थोडा.

"याद शे."

आणि पूर ओसरल्यावर तापीच्या गाळाचा येतो, तसा.

"याद शे," म्हणाले, आणि हसले.

मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, आणि माझा? विचारलं आणि जीभ चावली. लग्न होऊन मी सुरतेत आले तेव्हा ह्यांना हौदावर लागून दोन वर्षं होऊन गेली होती, नाक तेव्हाच गेलेलं. खोटं बोलले असते तर मी ते आनंदाने खरं मानलं असतं. पण हे भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे नुसते पाहत राहिले.