तारेपलीकडचं तितर

आश्रमशाळेचे मास्तर पालावर आले की शेवंताबाई नातीला पऱ्हाट्यांच्या ढिगामागे लपवायची. आणि नऊ वर्षांची बिजली तिथूनच ओरडून जागा सांगायची, "मास्तर, मी आठे शे!"

पारोळ्याबाहेरच्या माळावर फासेपारध्यांची चार पालं होती. ऐंशीच्या दशकाची अखेर होती ती.

"माय, शिकू दे ना तिला," मुलगा तोताराम म्हणायचा.

"शिकव. पन रातले घरी आन."

"राहायची शाळा शे ती."

"तेच तर."

इंग्रजांच्या राज्यात त्यांची अख्खी जमात गुन्हेगार ठरली होती. शेवंताबाईचं लहानपण तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत गेलं. आईबापांचे गुण लागू नयेत म्हणून मुलांना वेगळ्या इमारतीत ठेवत, मध्ये पुन्हा तार. घरची भाषा तोंडून निघाली की छडी बसे. भेट रविवारी.

तिची आई पहाटे तारेशी येऊन तितराची हाक द्यायची. पहारेकऱ्याला वाटे, पाखरू आहे. गोधडीत तोंड खुपसून शेवंता तशीच हाक परत द्यायची. मी आहे, तू आहेस, एवढंच त्यात असायचं. एका पहाटे हाक आली नाही. आईला दुसऱ्या वसाहतीत हलवल्याचं रविवारी कळलं. त्यानंतर भेट नाहीच.

बिजली मात्र हटून बसली आणि जूनमध्ये शाळेत गेलीच. पोचवायला आलेल्या शेवंताबाईने अधीक्षकांना विचारलं, "भेटायचं कधी?"

"रविवारी या."

ती नातीला बाजूला घेऊन म्हणाली, "सकाळी मी हाक देईन. उत्तर दे. नाही आलं, तर तुला घेऊन जाईन."

बिजलीने मान डोलावली.

रोज उजाडता उजाडता म्हातारी शाळेमागच्या बाभळीखाली येऊन बसे. हाक देई. आतून बारीक उत्तर येई आणि ती पालाकडे वळे.

एक दिवस उत्तर आलं नाही. तिने पुन्हा हाक दिली. मग आणखी एकदा, घसा फाटेस्तोवर. आणि ती शाळेच्या कुंपणाची काटेरी तार वाकवू लागली. तळहाताला काटा लागला, रक्त आलं, तरी तिने सोडली नाही.

"ओ अक्का!" स्वयंपाकीण मंदाबाई बादली घेऊन उभी होती. "तारेतून कुठं घुसता? फाटक उघडंच आहे."

शेवंताबाईने फाटकाला हात लावला. ते सरकलं.

अंगणात मुली एकमेकींच्या वेण्या घालत होत्या. बिजली त्यांच्यातच होती, दातांत लाल रिबन धरून.

"हाक का नाही दिली?"

बिजलीने रिबन काढली. खाली बघत म्हणाली, "आजी, पोरी हसतस. माले तितरी म्हनतस. लाज वाटस."

लाज! शेवंताबाई तिच्याकडे बघत राहिली. मग हसू लागली, हसता हसता मटकन खाली बसली. डोळ्यांतून पाणी आलं. रिबन घेऊन तिने नातीची वेणी घट्ट बांधली.

"घरी चालतीस?"

"नाही."

"बरं."

ती निघाली. मागून मंदाबाई ओरडली, "अक्का, फाटक लावा, बकऱ्या शिरतात!"

शेवंताबाई परतली. फाटक लावलं. मग एकदा उघडून पाहिलं, आणि पुन्हा लावलं.