व्हय महाराजा

कोर्टात सगळे हसले. न्यायाधीश साहेबही हसले. मी आरोपीच्या पिंजऱ्यात हात जोडून उभा, आणि का हसतायत ते मलाच कळेना.

कोकण रेल्वे सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मी दोडामार्गाहून रोज गोव्यात काजूच्या कारखान्यात हमालीला जायचो. गोदामातून काजूगराचे चार डबे गेले आणि मालकाने बोट माझ्याकडे दाखवलं. डबे मी घेतले नव्हते. तेवढंच मला कोर्टात सांगायचं होतं.

साहेबांनी इंग्रजीत कागद वाचला. कारकुनाने विचारलं, "कळलं ना?" आमच्याकडे गावकर, म्हणजे गावचा मानकरी, सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतो, तेव्हा त्याच्या प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं असतं. लहानपणापासूनची सवय. समोर मोठा माणूस, आपले हात जोडलेले. तोंडातून तेच गेलं. "व्हय महाराजा."

हशा. पुढचा प्रश्नही इंग्रजीतच. कारकून म्हणाला, "बोल, बोल." घाबरून मी पुन्हा तेच बोललो.

सहा महिने शिक्षा. का, ते तुरुंगात कळलं. बराकीत एक म्हातारा कैदी होता, जन्मभर जहाजावर कारकुनी केलेला. त्याने माझा निकाल वाचला. म्हणाला, "चोरी कबूल आसा, असा तुझ्या नावान लिवलेला आसा."

"खंय?"

त्याने ओळीवर बोट ठेवलं. आधी लाज वाटली. मग राग आला, स्वतःचाच.

आठवड्याने सरकारी खर्चाचा वकील आला. इंग्रजी कागद पुढे सरकवला. "इथे सही कर."

"ह्यात काय लिवलेला आसा?"

"तुला काय कळणार? तुझ्या भल्याचंच आहे."

दारातल्या शिपायाशी तो आत्ताच कोकणीत गप्पा हाणत होता. कोकणी म्हणजे आमच्या मालवणीची बहीणच. शिपायाशी बोलायला ह्याच्याकडे भाषा होती, मला सांगायला नव्हती. भल्याचं आहे तर सांगायला जड का जातंय? पाणी कुठेतरी मुरत होतं. त्याने पेन माझ्या हातात खुपसलं. खोटं कशाला बोलू, माझी मान हलायलाच आली होती.

मी पेन खाली ठेवलं. "नाय. आधी माका कळात असा वाचा."

शिपाई ओरडला, "माजलास काय रे?" मी हललो नाही. म्हाताऱ्याला बोलवा म्हटलं. शेवटी बोलावलं. त्याने वाचलं: मला अपील करायचं नाही, असं मीच त्यात म्हणत होतो.

अपील केलं. त्याची तारीख लागेपर्यंत माझे सहा महिने तुरुंगातच भरले. गावात मी आजही काजूचोर.

अजून गाऱ्हाण्याला उभा राहतो. सगळे लगेच व्हय म्हणतात. मी गावकराचं वाक्य संपेपर्यंत ऐकतो. पटलं तर म्हणतो, नाहीतर गप्प. लोक वळून बघतात. बघू देत. देवासमोर जो गप्प राहतो, तो तुमच्या कोर्टाच्या कागदाला व्हय म्हणणार नाही. आधी वाचा. माझ्या भाषेत, पुरता वाचा. आणि मग माझं "नाय" लिहून घ्या.