होडीला रंग द्यायचा का?

आमच्या तलावात मासे कमी आणि किस्से जास्त सापडतात. मासे विकून संपतात तरी, किस्से मात्र साठतच जातात! त्यातले निम्मे आमच्या ॲल्युमिनियमच्या छोट्या होडीचे. सास्तूरजवळच्या तलावावर आम्ही तिघं मिळून ती वापरतो. मी गिरणीवाला, शाळेतले सिद्धार्थ सर आणि सत्तरीचे दगडूमामा. मामांनी जन्मभर मेंढरं राखली, आता मासे धरतात. शांतामामी ते बाजारात विकतात.

होडी सेकंडहँड. तिच्या निळ्या रंगाचे पोपडे निघायला लागले, तसे सर म्हणाले, "नवा रंग देऊन टाकू."

मामा म्हणाले, "ॲल्युमिनियमला गंज चढत न्हाय. मग रंग कशाला?"

सरांनी मामांच्या लालभडक केसांकडं पाहिलं. "मामा, डोक्याला तरी कुठं गंज चढतो? मग मेंदी कशाला लावता?"

मामा आठवडाभर टोपी घालून आले!

*

मग मामांनी नवा मुद्दा काढला. "रंगाला मासे बुजतात."

सर शेवटी मास्तरच! त्यांनी समजावलं, "मासे खालून बघतात, मामा. आपण रंग फक्त वरून देऊ."

मामांनी लई विचार केला आणि विचारलं, "आन् होडी उलटली तर?"

*

निर्णय काही होईना. निदान जुने पोपडे तरी काढू म्हणून एका रविवारी आम्ही पत्र्याचे तुकडे घेऊन खरवडायला बसलो. निळ्याखाली हिरवा निघाला. हिरव्याखाली पांढरी अक्षरं दिसली. मामी जेवण घेऊन आल्या, नेमकं तेव्हाच नाव पूर्ण झालं. 'मंदा'!

मामींनी डबा खाली ठेवला. "ही मंदा कोण?"

मामा घाईघाईनं म्हणाले, "अगं, होडी सेकंडहँड हाय! म्या न्हाय!"

*

खरवडून होडी चांदीसारखी चकाकायला लागली. मामा खूश. "बघा, आता रंगाचं नावच काढू नका."

चार दिवसांनी मामा एकटेच जाळं काढायला गेले. दुपारी वारं सुटलं. जेवायची वेळ टळली तरी त्यांचा पत्ता नाही, म्हणून मामी काठावर आल्या. मागोमाग मी आणि सर. ऊन असं पडलेलं, की पाणीही चांदीसारखं आणि होडीही! डोळ्यांवर हात धरून आम्ही तासभर बघत होतो. हाका मारून सरांचा आवाज बसला.  मामी पदर मुठीत धरून उभ्या.

शेवटी मी मोटरसायकल काढली आणि तलावाला वळसा घालून पलीकडं गेलो. मामा बाभळीखाली बसलेले. वल्हं हातातून निसटलं, वाऱ्यानं होडी तिकडच्या काठाला लागली.

"तवापासनं हात करतोय की म्या! तुमाला दिसलो न्हाय व्हय?"

मामांना मागं बसवून आणलं. मामींनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, पाणी दिलं आणि घराकडं चालायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी माझ्या गिरणीच्या दारात हजर. "काढ गाडी. लोहाऱ्याच्या बाजारात जायचंय."

पेंटच्या दुकानात मालकानं रंगांचं कार्ड पुढं केलं. "कोणता देऊ, मावशी?"

मामींनी कार्डाकडं बघितलंसुद्धा नाही.

"लांबनं नवरा दिसंल, असला द्या!"