गबाळीला पाच स्टार

आमच्या खालच्या मजल्यावरच्या मावशी फोन कशा घेतात ते बघण्यासारखं असतं. आधी ताठ बसतात. चष्मा सारखा करतात. मग बोटाच्या नखाने फोनवर एकदा टक् करतात आणि मगच म्हणतात, "हं, बोला." बोलणं संपलं की, "धन्यवाद, लाइन सोडते." हे भाजीवाल्यालासुद्धा. एकदा कुणाचा तरी चुकून फोन लागला, तर त्यालाही धन्यवाद देऊन मोकळ्या झाल्या. तो माणूस एवढा खूश झाला की दुसऱ्या दिवशी त्याने परत चुकून फोन लावला, असं मी चारचौघांत सांगते. त्यातला दुसरा दिवस माझ्या पदरचा आहे.

मावशी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. शेजारच्या खुर्चीवर त्यांची सख्खी धाकटी बहीण. दोघी एकाच बोर्डावर, कानाला हेडफोन, तोंडासमोर माइक. ड्यूटीवर आपसांत बोलायला सक्त मनाई, म्हणून दोघींनी नखाची भाषा काढली होती. माइकवर एक टक् म्हणजे 'ऐकतेय'. दोन म्हणजे 'हो'. तीन म्हणजे 'नाही'. चारचा अर्थ मी विचारला, तर मावशी म्हणाल्या, "तो तुझ्या कामाचा नाही." मी मनात नोंद करून ठेवली. माझ्यापासून लपवलेली गोष्ट मी विसरत नाही.

गेल्या वर्षी धाकटीला अर्धांगाचा झटका आला. ती दूर, मुलाकडे राहत होती. जीव वाचला, पण वाचा गेली. अक्षरं डोळ्यांसमोर असून लागेनात. फोन कानाला लावला की तोंडातून नुसता घोगरा आवाज यायचा आणि ती रडायला लागायची, म्हणून भाच्याने फोनच बंद केले. त्यात त्याची बदली झाली. नव्या गावी दोन खोल्यांचं घर, नवरा-बायको दोघंही दिवसभर कामावर.

मावशींनी त्याला सांगितलं, "तिला माझ्याकडे ठेव."

तो म्हणाला, "मावशी, माझी ना नाही. पण आईच्या मनाविरुद्ध तिला सामानासारखं कुठेही हलवणार नाही. तिनं हो म्हटलं पाहिजे."

आता जी बोलत नाही, लिहीत नाही, तिनं हो म्हणायचं कसं? त्यांना नव्या गावी जायला महिनाअखेरीपर्यंतची मुदत. मावशींनी एक वही काढली आणि मला हाक मारली.

मला म्हणजे काय, या इमारतीत फोनमधलं सगळं कळतं असा माझा लौकिक आहे. आमचे हे म्हणतात, "सगळं कळत नाही, सगळ्यांचं कळतं." असो. मी मावशींच्या फोनवर चार अ‍ॅप टाकून दिली. मावशींनी त्यांना नव्याने लागलेल्या पोरींसारखं समोर बसवलं आणि वहीत रकाने आखले: जोडणी, आवाज, गोंगाट, आगाऊपणा.

पहिलीचं नाव ठेवलं बोलघेवडी. तिच्यावर सकाळी उठल्या उठल्या सतराजणांची फुलं. "अगं, ही निरोप पोचवते कमी आणि पाहुणे आणते जास्त," मावशी म्हणाल्या. शिवाय सगळा कारभार लिहिण्या-वाचण्याचा. धाकटीला काय उपयोग?

दुसरी नटवी. तिचं सगळं तोंड दाखवण्यावर. भाच्याने व्हिडिओ लावला, तर धाकटीने वाकडं झालेलं तोंड हाताने झाकलं आणि फोन छताकडे फिरवला. मावशी पाच मिनिटं तिथला पंखा बघत बसल्या. शेवटी पंख्याला धन्यवाद म्हणून लाइन सोडली.

तिसरी गबाळी. नुसते आवाजाचे निरोप, पण त्यात कुत्रा, भोंगा, शेजारचा खोकला, सगळं जसंच्या तसं. मीच नाक मुरडलं. "मावशी, हिला दोनच स्टार आहेत लोकांचे. हिला घालवा." वहीत गबाळीसमोर लिहिलं गेलं: गोंगाट फार, नापास.

चौथी शिस्तीची. ही माझी लाडकी. आवाज असा स्वच्छ, की माणूस डोंगरावर एकटा बसून बोलतोय असं वाटावं. तीच पास झाली. भाच्यानेही घेतली. ठरलं असं, की मावशींनी निरोप पाठवायचा, तो धाकटीला ऐकवायचा, मग फोन तिच्या मांडीवर चालू ठेवून भाच्याने बाहेर जायचं. कुणी समोर नसलं की घोगरा का होईना, हुंकार तरी येईल.

मावशी ताठ बसल्या. टक्. "धाकटे, माझ्याकडे येतेस का राहायला? खिडकीजवळचा पलंग तुझा."

उत्तर आलं. सात सेकंदांचं. आत काहीच नाही. हुंकारसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी परत विचारलं. नऊ सेकंद. कोरे. तिसऱ्या दिवशी अकरा.

"रुसलीय," मावशी म्हणाल्या. "आजारपणात मी दोनच दिवस जाऊन आले ना. राग आहे तिचा. रिकामा निरोप पाठवते म्हणजे काय, मला बोलायचं नाही."

चौथ्या दिवशी मी खाली गेले, तर मावशी खिडकीजवळच्या पलंगावरची नवी चादर काढून घडी घालत होत्या. रडत नव्हत्या. नुसती कोपऱ्याला कोपरा लावत होत्या, पुन्हा पुन्हा. मी आल्या पावली मागे फिरले.

वर आले. स्वयंपाकघरात मिक्सर चालू केला आणि त्या गडगडाटातच शिस्तीचीवरून मावशींना निरोप धाडला: "संध्याकाळी चहाला वर या, उगाच एकट्या बसू नका."

दोन मिनिटांत मावशी माझ्या दारात. हातात फोन, धाप लागलेली.

"तुझा मिक्सर कुठाय?"

"ओट्यावर. का हो, हवाय?"

"तो नाही! निरोपातला. तू बोलत होतीस तेव्हा खाली माझ्या डोक्यावर मिक्सर गरगरत होता. इथे ऐक. कुठाय तो?"

मी आपली कौतुकाने म्हणाले, "अहो, तेच तर हिचं वैशिष्ट्य! माणसाचा आवाज तेवढा ठेवते. बाकी खडखड, टकटक, सगळं गाळून..."

मावशींनी दाराची चौकट धरली.

"टकटक गाळते?" त्या म्हणाल्या. "आणि माझीही टक् तिला पोचली नसेल. मी टक् न करता बोलले, असं वाटलं असेल तिला. अगं, मीच रुसले असं वाटलं असेल!"

मी तिथल्या तिथे भाच्याला फोन लावला. "आई काय करते हो, तुम्ही बाहेर गेल्यावर?"

"काही नाही हो. दारातून बघतो मी. नखं वाजवत बसते नुसती. सवय असेल म्हणून सोडून दिलं."

मावशींनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "गाढवा, ती बोलतेय! आत्ताच्या आत्ता ती गबाळी घे तुझ्या फोनवर!"

गबाळी घेतली. मावशी माझ्या ओट्याशीच उभ्या राहिल्या, पण ताठ. टक्. "धाकटे, येतेस का?"

उत्तर यायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात माझा चहा तीनदा निवला. मग निरोप उघडला. पंख्याची घरघर. रस्त्यावर कुणाचा तरी हॉर्न. कुठेतरी भांडं पडलं. आणि त्या सगळ्या कचऱ्यातून, अगदी स्पष्ट:

टक्. टक्.

थोडं थांबून पुन्हा, टक् टक्. मग पुन्हा. तिला एकदा हो म्हणून भागेना.

मावशी खाली बसल्या, माझ्या फरशीवर, आणि दोन्ही हातांनी फोन कपाळाला लावला. निरोपाच्या शेवटी भराभर चार टक् होते. ते ऐकून मात्र रडता रडता खुदकन हसल्या. मला कारण सांगितलं नाही.

संध्याकाळी त्यांनी वहीतली 'नापास' ही नोंद खोडली आणि मला म्हणाल्या, "त्या गबाळीला काय ते स्टार दे. सगळे दे." मग सांगून माझ्याकडून लिहून घेतलं: 'आपल्याकडे गोंगाट जसाच्या तसा पोचतो. माझी बहीण मला परत मिळाली. मनापासून आभारी आहे. लाइन सोडते.' गबाळी बनवणाऱ्यांना त्यातलं काय समजलं असेल ते असेल.

धाकटी येऊन आता सहा महिने झाले. खिडकीजवळच्या पलंगावर बसते, डाव्या हाताने चहाचा कप स्वतः धरते. दोघींचं दिवसभर टकटक चालतं, कपावर, पलंगाच्या दांडीवर, चष्म्याच्या डबीवर. नव्या गावाहून भाच्याची बायको निरोप पाठवते, तोही गबाळीवरूनच. आणि मी? चुकीचं अ‍ॅप डोक्यावर मारणारी बाई, तरी मावशी पाहुण्यांना सांगतात, "हिच्या मिक्सरने जुळवलं सगळं." असे उपकार मानणारं माणूस शेजारी असणं हे माझं नशीब. मिक्सर जुना झालाय, पण आता तो टाकवत नाही.

परवा सहज खाली गेले. दार उघडंच होतं. माझी पाठीमागून चाहूल लागताच धाकटीने कपावर नख वाजवलं. चार वेळा, भराभर. मावशी एकदम गप्प.

"मावशी, आज तरी सांगा. चार म्हणजे काय?"

मावशींनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीने दोन टक् करून परवानगी दिली.

"आमच्या सुपरवायझर बाई दबक्या पावलांनी येऊन आमचं ऐकायच्या," मावशी म्हणाल्या. "चार म्हणजे, मागे कुणीतरी कान देऊन उभी आहे. त्या दिवशी निरोपात दिले ते तिच्या सुनेसाठी."

"आणि आत्ताचे?"

धाकटीने वाकड्या तोंडाने, झाकून न घेता, माझ्याकडे बघून हसत आणखी चार वाजवले.