रद्द कार्डाची सही

डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या त्या कारखान्यात तपासनीस बाईंची डिजिटल सही झाल्याखेरीज माल दाराबाहेर पडत नसे. सहीचे कार्ड हरवताच बाईंनी रीतसर कळवले होते. जुने प्रमाणपत्र रद्द होऊन नवे कार्डही हाती आले होते. तरी न तपासलेली एक खेप त्यांच्या जुन्या सहीने बाजारात गेली. डोळे सुजल्याच्या तक्रारी आल्या तेव्हा ते उघडकीस आले. संगणक मात्र त्या सहीपुढे ‘वैध’ असेच दाखवीत होता.

“सही तुमचीच आहे, बाई,” साहेब म्हणाले. “यंत्र कशाला खोटं बोलेल? उद्यापर्यंत खुलासा द्या, नाहीतर घरी बसावं लागेल.”

बाईंनी मान डोलावली. हुज्जत घालायला हवी हे त्यांना कळत होते. पण अंगात भुसा भरल्यासारखे झाले होते. नोकरी जाणार, ही जणू परक्या कुणाची बातमी होती.

रात्री घरी धाकट्या जावेने ताट वाढले. “भांडा की जरा, ताई. माझ्याशी तर सांडशीवरून भांडता.”

“बघू.”

“काढून टाकल्यावर बघणार?”

बाई जेवत राहिल्या. भाजीत मीठ होते की नव्हते, त्यांना सांगता आले नसते.

दुसऱ्या दिवशी संगणक विभागातला माणूस आला. “सह्या तपासणारा हा सर्व्हर शेवटचा बंद कधी केला होता?”

“बंद?” साहेब म्हणाले. “पुन्हा चालू व्हायला अर्धी सकाळ खातो. पॅकिंग खोळंबतं.”

“मग बरोबर. रद्द प्रमाणपत्रांची यादी हा फक्त चालू होताना वाचतो. बाईंचं कार्ड रद्द झालंय हे याच्या गावीही नाही.”

सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. तीच सही तपासली. ‘रद्द’. दुपारी पॅकिंगच्या मुकादमाने कबूल केले: कार्ड त्याला सापडले होते, आणि ट्रक ताटकळत उभा होता.

“सुटलात, बाई,” साहेब ओशाळून म्हणाले. “आता माल परत मागवायचा. पत्रांवर तुमचीच सही लागेल.”

बाईंनी नवे कार्ड खाचेत सरकवले. ‘वैध’ असे उमटले.

“हा आता यादी बघून सांगतोय, की आठवणीतून?” त्यांनी त्या माणसाला विचारले.

“आत्ताच चालू केलाय ना. बघून.”

“आणि उद्या?”

“उद्या आठवणीतून. दुरुस्तीला वेळ लागेल.”

बाईंनी कळ दाबली आणि पुढचे पत्र उघडले.